पावसाच्या अंदाजावर भरवसा किती?

मृग नक्षत्र तोंडावर आले की यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव तालुक्यात एकच प्रश्न घरोघरी चर्चेला येतो : सरकी केव्हा टोबायची? करंजी-वणी मार्गावरचा हा तालुका प्रामुख्याने कोरडवाहू. कापूस, सोयाबीन आणि तूर ही त्याची मुख्य पिके आणि तिन्हींची मदार पावसावर. या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्यांची आज मुळीच वाण नाही. हवामान खात्याचे पत्रक आहे, कृषी विद्यापीठाचा सल्ला आहे, मोबाइलमधील दोन-तीन ॲप आहेत, समाजमाध्यमांवरून फिरणारी स्वयंघोषित तज्ज्ञांची भाकिते आहेत. त्याखेरीज पंचांगातील नक्षत्रांची वाहने आहेत आणि बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला होणारी घटमांडणीही आहे. अडचण एवढीच, की ही सारी मंडळी क्वचितच एक बोलतात.

शहरातल्या माणसाचा अंदाज चुकला तर फार तर कपडे भिजतात, सहल बुडते किंवा हिरवळीवरच्या लग्नाचा मांडव गळतो. कोरडवाहू शेतकऱ्याचा हिशेब निराळा आहे. २०२५च्या खरिपात बीटी कपाशीच्या एका पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती आणि एकरी साधारण दोन पाकिटे लागतात. पेरणीनंतर पावसाने दडी मारली तर हे बियाणे मातीत जातेच, शिवाय मजुरी आणि हंगामाचे पंधरा-वीस दिवसही जातात. बियाणे उधारीने पुन्हा मिळते. गेलेले दिवस कोणत्याच कृषी केंद्रात मिळत नाहीत. म्हणून ‘कोणत्या अंदाजावर विश्वास ठेवावा’ हा प्रश्न मारेगावसारख्या ठिकाणी जितका लख्ख दिसतो तितका तो शहरात दिसत नाही.

वास्तविक या प्रश्नाची मांडणीच थोडी बदलावी लागते. अंदाज खरा की खोटा हे विचारण्याआधी तो किती दिवसांसाठी आहे, किती मोठ्या प्रदेशासाठी आहे आणि त्यावर नेमका कोणता निर्णय घ्यायचा आहे हे विचारले पाहिजे. ही तीन अंगे सोडून दिली की उत्तम अंदाजही फसवा वाटतो आणि निव्वळ भाकीतही खरे ठरल्याचा भास होतो.

सर्वाधिक गाजावाजा होतो तो हंगामी अंदाजाचा. एप्रिलच्या मध्यास ‘यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस’ असा मथळा येतो आणि त्यावरून चर्चा झडतात. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ची आणि पावसाळ्याचा अंदाज देण्याची परंपरा ब्लॅनफर्ड यांच्यापासूनची, म्हणजे १८८०च्या दशकापासूनची. हिमालयातील बर्फावरून पुढचा मान्सून कसा असेल याचा ठोकताळा त्यांनी बांधला होता. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी पिंजून काढल्या. डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नावाशी जोडलेले सोळा घटकांचे प्रारूप १९८८पासून वापरात आले आणि दीर्घकाळ ते यशस्वी मानले गेले. मात्र २००२ साली अंदाज होता १०१ टक्क्यांचा आणि प्रत्यक्षात पाऊस झाला सुमारे ८१ टक्के. त्या वर्षीच्या जुलैत तर देशभरात सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस पडला. त्यानंतर प्रारूपे बदलली, तरी २००४ आणि २००९च्या अवर्षणांनी पुन्हा चकवा दिलाच. दुसऱ्या बाजूस, २०१५मध्ये खात्याने जूनमध्ये ८८ टक्क्यांचा इशारा दिला आणि पाऊस ८६ टक्के झाला. त्याच वर्षी स्कायमेट या खासगी संस्थेने १०२ टक्क्यांची ग्वाही दिली होती. २०१९मध्ये मात्र खात्याचे ९६ टक्के आणि स्कायमेटचे ९३ टक्के हे दोन्ही आकडे मागे टाकून पाऊस ११० टक्क्यांवर गेला. २०२४मध्ये १०६च्या अंदाजावर १०८ टक्के पडला. थोडक्यात, कोणतीही एक संस्था दरवर्षी बरोबर येईल असे मानण्यास आधार नाही, आणि एका वर्षीच्या अपयशावरून तिला निकालात काढण्यासही नाही.

पण मारेगावच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा मुद्दा याहून वेगळा आहे. हा आकडा बरोबर आला तरी त्याच्या कामाचा नाही. तो संपूर्ण देशाचा आणि चार महिन्यांचा असतो. २०२३चा पावसाळा या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा. खात्याचा अंदाज ९६ टक्के, प्रत्यक्ष पाऊस ९४ टक्के. कागदावर जवळपास अचूक. त्या हंगामात मान्सून केरळात ८ जूनला, म्हणजे उशिरा आला. २२ जुलैला यवतमाळ जिल्ह्यात असा पाऊस कोसळला, की महागाव तालुक्यात पुरात अडकलेल्या गावकऱ्यांसाठी हवाई दलाचे हेलिकॉप्टर बोलवावे लागले. आणि लगेच आलेला ऑगस्ट देशासाठी १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. उशीर, महापूर आणि उघडीप या तिन्ही गोष्टी ९४ या एका आकड्यात मावल्या. हंगामी अंदाज धरणांच्या नियोजनासाठी आणि सरकारच्या धान्यसाठ्यासाठी आहे. पेरणीची तारीख त्यावरून ठरवणे म्हणजे देशाच्या दरडोई उत्पन्नावरून शेजाऱ्याचा पगार सांगण्यासारखे आहे.

जवळच्या काळाच्या अंदाजातही प्रदेशाचा घोळ असतोच. ‘विदर्भात तुरळक ठिकाणी मुसळधार’ असे वाक्य बातम्यांत रोज वाचले जाते, पण त्यातील ‘तुरळक’ हा शब्द केवळ लेखनशैलीचा भाग नाही, याची कल्पना थोड्यांनाच असते. हवामान खात्याच्या परिभाषेत तुरळक म्हणजे त्या प्रदेशातील जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. पावसाच्या जोराचेही असेच. दिवसाला २.५ ते १५.५ मिलिमीटर हा हलका पाऊस, ६४.४पर्यंतचा मध्यम, ६४.५पासून जोरदार, ११५.६पासून अतिजोरदार आणि २०४.५पासून अत्यंत जोरदार. हे लक्षात घेता, ‘तुरळक ठिकाणी जोरदार’ या इशाऱ्यात चारपैकी तीन गावे जोरदार पावसावाचून राहणार हे गृहीतच असते. यवतमाळ जिल्हा साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा, सोळा तालुक्यांचा. पूर्वेकडील मारेगाव आणि नैर्ऋत्येकडील उमरखेड यांत शंभर किलोमीटरहून अधिक अंतर आहे. जिल्ह्याला पिवळा इशारा मिळाला, उमरखेडला ओढे वाहिले आणि मारेगावात धूळ उडाली, तर अंदाज चुकला असे मारेगावकर म्हणणारच. खात्याच्या वहीत मात्र तो बरोबर ठरतो. जुलै २०१७मध्ये बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली होती. तिच्यामागचा संताप समजण्यासारखा होता. अंदाज देणारा आणि घेणारा यांच्या भाषेतील ही दरी त्याला बऱ्याच अंशी कारणीभूत असते.

मग मोबाइलवर स्वतःच्या गावाचे नाव टाकले की दर तासाचे चित्र दिसते, त्याचे काय? संगणकी प्रारूप पृथ्वीच्या वातावरणाचे चौकोन पाडून गणित करते. भारताचे जागतिक प्रारूप अनेक वर्षे सुमारे १२ किलोमीटरच्या चौकोनाचे होते. २६ मे २०२५ रोजी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली सहा किलोमीटरची ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ कार्यान्वित झाली. ग्रामपंचायत पातळीवरील अंदाजही ऑक्टोबर २०२४पासून दिले जाऊ लागले. ही प्रगती लहान नाही. परंतु जूनमधला वळवाच्या जातीचा ढग दोन-चार किलोमीटरचाच असतो आणि तो कोणत्या शिवारावर रिता होईल हे आदल्या दिवशी सांगणे आजही अवघड आहे. गावाचे नाव आणि दुपारी तीनची वेळ दिसली म्हणजे अंदाज अचूक झाला असे नव्हे. बारीक सांगणे आणि बरोबर सांगणे या दोन गोष्टी आहेत. परदेशी ॲपही अशाच कोणत्या तरी जागतिक प्रारूपावर चालतात, म्हणून दोन ॲप दोन तऱ्हा सांगतात. ती दोन्ही एकाच प्रारूपावर विसंबून असतील तर त्यांचे एकमत हा दुसरा साक्षीदारही नव्हे.

काळाचा नियम त्या मानाने सरळ आहे. दोन-तीन तासांचा इशारा रडारवर दिसणाऱ्या ढगांवर आधारलेला असल्याने तो सर्वांत खात्रीचा. विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ हे ॲपही याच जातीचे असून शेतात असणाऱ्याने ते वापरावे. मात्र मारेगावला नागपूरचे रडार शंभर किलोमीटरहून दूर पडते आणि पृथ्वीच्या वक्रतेमुळे त्याला इकडच्या ढगांचा खालचा भाग नीट दिसत नाही. पुढचे तीन दिवस बऱ्यापैकी भरवशाचे, पाचव्या दिवसापर्यंत कल समजतो. दोन आठवड्यांपलीकडे विशिष्ट दिवसाचा पाऊस सांगता येत नाही. वातावरणातील लहानसा फरक वाढत जाऊन सारे चित्र कसे बदलतो हे एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३मध्ये दाखवून दिले. म्हणूनच कुणी ‘पुढच्या महिन्याच्या १९ तारखेला पाऊस’ असे छातीठोक सांगू लागला की त्याची लोकप्रियता कितीही असो, कान टवकारण्याऐवजी झाकावेत. आठवड्याचा एकूण कल, म्हणजे ओढ की झडी, एवढे तीन-चार आठवडे आधी सांगण्याचे प्रयत्न मात्र गांभीर्याने चालू आहेत. २०२५मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित मान्सून आगमनाचे अंदाज १३ राज्यांतील ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना संदेशाद्वारे पाठवले. त्या वर्षी मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला आणि नंतर जूनच्या मध्यापर्यंत रेंगाळला. त्या दिवसांत घाईने पेरणी करू नका, असे आवाहन कृषी विभाग करत होता.

पंचांगातील वाहनांबद्दल आदर बाळगूनही एक गोष्ट सांगायला हवी. नक्षत्राचे वाहन बेडूक की गाढव, हे सूर्य आणि चंद्र यांच्या नक्षत्रांतील अंतराला नऊने भागून ठरते. त्या गणितात ना वारा असतो, ना बाष्प. आणि कोकणाला व मारेगावला त्याचे उत्तर एकच येते. भेंडवळच्या मांडणीचे सामाजिक स्थान मोठे आहे. तिच्यातून ‘पाऊस साधारण’ असे जे निघते ते कोणत्या मंडळात किती मिलिमीटर, हे मात्र सांगितलेले नसते. जे चुकूच शकत नाही ते तपासताही येत नाही.

तपासणे मात्र कठीण नाही. सरळ भिंतींचा आणि सपाट तळाचा कोणताही डबा उघड्यावर ठेवून सकाळी आठला पट्टीने पाणी मोजले तरी पावसाची नोंद होते. वहीत एका बाजूला काल काय सांगितले होते आणि दुसऱ्या बाजूला काय झाले एवढे लिहावे. राज्याच्या ‘महावेध’ प्रकल्पातील महसूल मंडळनिहाय केंद्रांच्या आकड्यांशीही ते ताडून पाहता येते. केवळ बरोबर आलेले दिवस मोजण्यात एक मेख आहे. १८८४मध्ये अमेरिकेत फिन्ली या लष्करी निरीक्षकाने टॉर्नेडोंचे अंदाज दिले आणि ते ९६.६ टक्के अचूक असल्याचे जाहीर केले. रोज डोळे मिटून ‘वादळ नाही’ म्हटले असते तरी अचूकता ९८.२ टक्के आली असती, हे टीकाकारांनी लगोलग दाखवले. मार्चमध्ये ‘पाऊस नाही’ सांगून गुण मिळत नसतात. पाऊस पडला तेव्हा आधी कितीदा सांगितला होता आणि सांगितला तेव्हा कितीदा पडला, या दोन संख्याच खऱ्या.

वही झाली, तरी निर्णय उरतोच, आणि तो शक्यतेच्या आकड्याइतकाच नुकसानीच्या आकड्यावर ठरतो. वेचलेला कापूस नोव्हेंबरात अंगणात पडला असेल तर पावसाची शक्यता २० टक्के असली तरी ताडपत्री टाकावी; श्रम अर्ध्या तासाचे, नुकसान हजारोंचे. फवारणीपूर्वी त्या दिवसाचा पाऊस आणि वारा पाहणे पुरेसे असते, कारण औषध धुऊन गेले तर फेरा वाया जातो. पेरणीचे गणित याच्या उलट आहे. तेथे ६० टक्के शक्यताही अपुरी. म्हणूनच कृषी विद्यापीठे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस प्रत्यक्ष होऊन जमिनीत ओल उतरल्याशिवाय पेरणी नको. या सल्ल्यात अंदाजाचे काम दुय्यम आहे. ते सुरू होते ओल झाल्यावर, पुढच्या दहा दिवसांत उघडीप किती राहील हे पाहताना. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून मिळणारा सल्ला आणि दर मंगळवारी व शुक्रवारी निघणारी कृषी हवामान पत्रके तेव्हा वाचायची. हेच काम जिल्हा पातळीवर, शेतकऱ्याच्या भाषेत करण्यासाठी २०१८पासून कृषी विज्ञान केंद्रांत उघडलेली १९९ केंद्रे मार्च २०२४मध्ये बंद करण्यात आली. चौकोन बारा किलोमीटरचे सहा झाले, पण ‘तुरळक’चा अर्थ समजावून सांगणारी ही माणसे तोवर कमी झाली होती.