पाण्यात बुडणारं लाकूड : लिग्नम व्हिटी

लाकूड पाण्यावर तरंगतं, हे आपण लहानपणापासून धरून चालतो. आज ज्याबद्दल बोलायचं आहे ते लाकूड मात्र पाण्यात टाकलं की सरळ तळाला जातं. त्याचं नाव लिग्नम व्हिटी. कॅरिबियन बेटं, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग हे त्याचं घर. जमैकाचं राष्ट्रीय फूल म्हणजे याच झाडाचं निळं फूल.

वजनाचा अंदाज घ्या. एक घनफूट साग साधारण १८-१९ किलो भरतो. तेवढंच लिग्नम व्हिटी ३५ किलोच्या आसपास. पण याचा खरा गुण आहे गाभ्यात मुरलेली राळ. हाताला हे लाकूड मेणचट लागतं. घर्षण झालं की हीच राळ वंगणाचं काम करते.

इंग्लंडमधल्या जॉन हॅरिसन यांनी हा गुण हेरला. ते मूळचे सुतार. त्या काळचं तेल कालांतराने घट्ट व्हायचं आणि घड्याळाची चाल बिघडायची. १७२०च्या दशकात ब्रॉकल्सबी पार्कसाठी केलेल्या घड्याळात त्यांनी हे लाकूड वापरलं आणि तेलाची गरजच काढून टाकली. पुढे १८५०च्या दशकात जॉन पेन यांनी जहाजाच्या पंख्याच्या दांड्याभोवती, बेअरिंगमध्ये, याच्या पट्ट्या बसवल्या. तिथे पितळ भराभर झिजत होतं. हे लाकूड मात्र समुद्राच्या पाण्यातच टिकून चाललं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या कामाला याचा काय उपयोग? लेथवर हे छान उतरतं. लाकडी हातोडे, कप्प्या, मुठी यांना उत्तम. क्रिकेटमध्ये जोराचा वारा असला की जड बेल्स ठेवतात ना, त्याही याच्या करत आले आहेत. रंधा मारताना मात्र जपा. तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, ते उचकटतात. आणि जी राळ वंगण देते, तीच सरस धरू देत नाही. म्हणून जोडायची बाजू आधी ॲसिटोनने पुसायची आणि लगेच चिकटवायची. भुसा नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा.

शेवटचं आणि महत्त्वाचं. हे झाड फार सावकाश वाढतं, आणि तोड मात्र शतकानुशतकं झाली. आज ते 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणजे परवान्याशिवाय त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही. कोणी तुकडा विकायला आणला, तर भाव विचारण्याआधी कागद विचारा. आणि हातात आलाच, तर शोभेच्या वस्तूत घालवू नका. टेबलाला आपला साग पुरतो. जिथे तेल न घालता वर्षानुवर्षं फिरायचं आहे, तिथे हे लाकूड वापरा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.