सर्व्हर बसला, पण तयार आहे का?

कोरोना प्रतिबंधक लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले आणि महाराष्ट्रात दुसऱ्याच दिवशी थांबले. लस होती, परिचारिका होत्या, केंद्रेही सज्ज होती. अडले ते नोंदणीच्या 'को-विन' प्रणालीपाशी. तांत्रिक अडचणींमुळे राज्य सरकारने १७ आणि १८ जानेवारीचे लसीकरण स्थगित केले. खरे तर २ जानेवारीला पुणे, नागपूर, जालना आणि नंदुरबारमध्ये रंगीत तालीम झाली होती. मात्र तालमीत एका केंद्रावर २५ जण होते, प्रत्यक्षात उद्दिष्ट १०० जणांचे होते.

ही झाली देशव्यापी यंत्रणेची गोष्ट. पण कुंडल, पलूस किंवा विट्यासारख्या ठिकाणी एखाद्या लहान रुग्णालयाने केसपेपर संगणकावर आणायचे ठरवले, तर प्रश्न हाच असतो. पडद्यावर 'इन्स्टॉलेशन पूर्ण' असे आले म्हणजे सर्व्हर सोमवारच्या ओपीडीला तयार आहे, असे नाही.

डिस्कवरची मोकळी जागा, रॅम आणि ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती बहुतेक जण तपासतात. आवृत्तीकडे जरा नीट पाहायला हवे. अनेक सर्व्हरवर चालणाऱ्या 'सेंटओएस ७'ला ३० जून २०२४ नंतर सुरक्षा अपडेट मिळणे बंद झाले. तिच्यावर रुग्णांची माहिती ठेवणे धोक्याचे आहे.

घड्याळाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वीज वारंवार जाते तिथे हा दोष हमखास चकवतो. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला, की वीज गेल्यावर संगणकाची तारीख काही वर्षे मागे जाते. मग बाहेरच्या सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र त्याला 'अजून लागू झालेले नाही' असे वाटते आणि तो जोडणी नाकारतो. आभा क्रमांक पडताळता येत नाही. तंत्रज्ञ दिवसभर इंटरनेटची वायर तपासत बसतो. दोष असतो काही रुपयांच्या सेलचा.

मराठी नावांचा प्रश्न याहून गंभीर. 'मायएसक्यूएल' या डेटाबेसच्या ८.० आवृत्तीपूर्वी मूळ सेटिंग लॅटिन लिपीचे असे. ते तसेच राहिले, तर देवनागरीतली नोंद नाकारली जाते किंवा नावाच्या जागी प्रश्नचिन्हे साठतात. साठलेल्या प्रश्नचिन्हांतून मूळ नाव परत मिळत नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेली रुग्ण नेमकी कोण, हे मग कोण सांगणार? म्हणून पहिल्याच दिवशी 'ज्ञानेश्वर', 'कृष्णाबाई' अशी जोडाक्षरांची नावे भरून, सर्व्हर बंद-चालू करून ती पुन्हा वाचावीत.

एवढे करूनही सॉफ्टवेअर सुरू झाले नाही, तर पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करण्याची आपल्याकडची खोड आवरावी. त्यात आधीच्या प्रयत्नाचे अर्धवट अवशेष मागे राहतात आणि गुंता वाढतो. लॉग उघडावा, आणि शेवटची नव्हे, पहिली चूक वाचावी. खालच्या पन्नास ओळी बहुधा तिचेच परिणाम असतात. 'पोर्ट आधीच वापरात आहे' असे दिसले, तर दुसरे एखादे सॉफ्टवेअर तोच क्रमांक अडवून बसलेले असते.

शेवटी बॅकअप. तो घेतला जातो का, हे पुरेसे नाही. दुसऱ्या संगणकावर उतरवून त्यातला एखादा केसपेपर उघडून पाहायचा. तोवर कागदी नोंदवही टेबलावरून हलवायची नाही.