कलावंतांच्या घरीं

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत कलेची वानवा आहे असें कोणी म्हटलें, तर तें आम्हांस मान्य होणार नाहीं. लोणारास दैत्यसूदनाच्या देवळाच्या भिंती पाहाव्या, सिंदखेडराजास लखुजी जाधवांचा वाडा पाहावा, आणि मेहकरास जाऊन शारंगधर बालाजीची ती सुमारें ११ फूट उंचीची काळ्या पाषाणाची मूर्ति डोळे भरून पाहावी, म्हणजे शंका उरत नाहीं. परंतु त्या मूर्तीपुढें हात जोडून उभें राहिलें असतां एक प्रश्न आमच्या मनांत हटकून येतो: ही घडविणारा कोण? त्याचें घर कोठें होतें? ही मूर्ति १८८८ सालीं जमिनींतून वर निघाली. ती विलायतेस नेली जाईल या भीतीनें गांवकऱ्यांनीं लगबगीनें तिची प्रतिष्ठा केली, असें मेहकरांत अजून सांगतात. अशा रीतीनें मूर्ति राहिली. मूर्तिकाराचें नांव मात्र राहिलें नाहीं.

देवळें, किल्ले व तीर्थें पाहण्यास सहकुटुंब जाण्याची आपल्याकडे चाल आहे. कलावंताचें घर पाहावयास जाण्याची नाहीं. वरील प्रश्नानें आमची पाठ सोडली नाहीं म्हणून सवड मिळेल तशी आम्हीं अशीं कांहीं घरें पाहिलीं. त्यांपैकीं तिघांची हकिकत वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. चौथें घर आमचें स्वतःचें. तें सांगण्यास थोडा संकोच वाटतो. परंतु खरें कारण तेंच असल्यामुळें तें शेवटीं सांगूं.

अजिंठ्याची बारादरी

पहिलें घर आमच्या शेजारचेंच म्हणावयाचें. अजिंठा गांव आमच्या जिल्ह्याच्या सरहद्दीपासून फार लांब नाहीं. लोक लेणीं पाहून परस्पर परत फिरतात. परंतु लेण्यांपासून अंतरावर, खुद्द गांवांतील जुन्या बारादरींत, रॉबर्ट गिल नांवाचा चित्रकार कित्येक वर्षें राहत होता. हा मूळचा मद्रासच्या फौजेंतील अधिकारी. १८४४ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें त्यास लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमलें. अंधाऱ्या गुहांत वर्षानुवर्षें बसून त्यानें मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत त्या उतरविल्या. पुढें त्यानें छायाचित्रणाची विद्या संपादन केली, आणि आमच्या लोणारच्या देवळांचींहि छायाचित्रें घेतलीं. त्याची प्रिय सहचरी पारो १८५६ सालीं वारली. तिची कबर त्या गांवांतच आहे.

नकला लंडनास रवाना झाल्या. तेथें क्रिस्टल पॅलेस नांवाच्या भव्य प्रदर्शनगृहांत त्या मांडलेल्या असतां १८६६ सालीं आग लागली, आणि थोडक्याच वाचून बाकी सर्व भस्मसात् झाल्या. एका माणसाच्या उमेदीचीं वर्षें एका आगींत गेलीं! गिल १८७९ सालीं वारला. त्याची कबर भुसावळास आहे. त्याच्या मागून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करविल्या. त्याहि लंडनास गेल्या, आणि त्यांतील पुष्कळ १८८५ सालच्या आगींत जळाल्या.

सुरक्षित राहावें म्हणून जें दूर धाडलें, तेंच नाहींसें झालें. मेहकरास मूर्ति आहे, घर नाहीं. अजिंठ्यास घर आहे, चित्र नाहीं.

औंधचा संग्रह

दुसरें घर एका राजाचें. सातारा जिल्ह्यांतील औंध संस्थानचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८-१९५१) यांचें नांव घेतलें कीं पुष्कळांस सूर्यनमस्कार आठवतात. परंतु ते स्वतः चित्रकार होते. रामायणांतील प्रसंगांचीं चित्रें त्यांनीं आपल्या हातानें काढलीं, आणि अजिंठ्यावर इंग्रजींत ग्रंथ लिहून तो १९३२ सालीं प्रसिद्ध केला. स्वतः चित्रें काढणारा मनुष्य दुसऱ्याचें चित्र विकत घेतो तेव्हां तो केवळ भिंत सजविण्यासाठीं घेत नाहीं. त्याला त्या रेषेमागचे कष्ट ठाऊक असतात. बाळासाहेबांच्या संग्रहांत रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, आणि साता समुद्रांपलीकडील हेन्री मूर या शिल्पकाराचें माता व बालक यांचें शिल्पहि औंधाच्या त्या टेकडीशीं येऊन पोहोंचलें आहे.

हा संग्रह त्यांनीं वाड्यांत कुलुपबंद ठेवला असता तर त्यांस कोणी दोष दिला नसता. परंतु यमाईच्या डोंगराच्या कुशींत त्यांनीं त्यासाठीं स्वतंत्र इमारत उभारली, आणि १९३८ सालीं भवानी संग्रहालय सुरू झालें. दहाच वर्षांनीं, १९४८ सालीं, संस्थान विलीन झालें. संस्थान गेलें, पण संग्रह फुटला नाहीं. आज राज्य सरकारचें खातें तो सांभाळतें. वारसांच्या हातीं पडण्यापूर्वींच त्याची व्यवस्था लावून ठेवली होती, हें त्याचें कारण असावें असें आम्हांस वाटतें.

सासवण्याचें घर

तिसरें घर पाहून आमच्या मनाचें खरें समाधान झालें. आम्हां वऱ्हाडकरांस समुद्र दुर्मिळ. मुंबईस गेटवेपासून लाँचनें मांडव्यास उतरावें, आणि अलिबागच्या रस्त्यानें थोडें पुढें गेलें कीं नारळी-पोफळींत दडलेलें सासवणें गांव लागतें. शिल्पकार विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर यांचा जन्म १८९१ सालीं येथेंच झाला. लहानपणीं त्यांनीं गांवांतील देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचें चित्र काढलें होतें. कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या तें दृष्टीस पडलें, आणि त्यांनीं या खेड्यांतील मुलाची जे. जे. कलाशाळेंत जाण्याची सोय केली. पुढें कलकत्ता, लंडन असा त्यांचा प्रवास झाला. पुण्यास श्रीशिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारांत १९२८ सालीं उभा राहिलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ ब्राँझचा पुतळा त्यांचाच. त्यांस पद्मश्री मिळाली, आणि १९६७ सालीं ते निवर्तले.

एवढी कीर्ति मिळविलेल्या माणसानें आपलीं शिल्पें ठेवण्यास मुंबई-कलकत्त्याची जागा निवडिली असती तर नवल नव्हतें. परंतु शंभरावर शिल्पें आज सासवण्याच्या या घरांत आहेत. अंगणांत शिरतांच एक म्हैस बसलेली दिसते. आमच्याबरोबरचा लहान मुलगा तिला वळसा घालून गेला! जवळ गेल्यावर कळतें कीं ती सिमेंटची आहे. सिमेंटसारख्या रुक्ष पदार्थांतून कातडीची सुरकुती आणि डोळ्यांतील सुस्तपणा उतरविणें म्हणजे काय, हें तेथें उभें राहूनच समजतें.

आंत शंख फुंकणारा आहे. त्याचे गाल फुगलेले, मानेच्या शिरा ताठ. आपल्याला आवाज ऐकूं येत नाहीं एवढेंच. कोळीण आहे, हमाल आहे, थोरामोठ्यांचे अर्धपुतळे आहेत. पण आम्ही तेथें रेंगाळलों तें वेगळ्याच कारणासाठीं. शहरांतील संग्रहालयांत शिल्प पाहतांना तें कोठून आलें हें पाटीवर वाचावें लागतें. येथें कोळीण पाहून दाराबाहेर पडावें, तों समुद्राच्या वाटेवर तशीच एखादी कोळीण डोक्यावर पाटी घेऊन येत असते. ज्या मातीनें शिल्पकाराला विषय दिले, त्याच मातीवर तीं शिल्पें उभीं आहेत. येथें मूर्ति आहे, मूर्तिकाराचें नांव आहे, आणि घरहि आहे. आमच्या प्रश्नाचीं तिन्ही उत्तरें एका अंगणांत मिळालीं. हें आपोआप घडलें नाहीं. करमरकरांच्या मागें घरच्या मंडळींनीं हा ठेवा विखरूं दिला नाहीं, म्हणून घडलें.

आणि आपलें घर

आतां चौथें घर. आमचे एक चुलते जिल्ह्यांतील एका शाळेंत चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांचें नांव कोठें छापून आलें नाहीं. परंतु सुटीच्या दिवशीं ते लोणारच्या काठावर, आठवड्याच्या बाजारांत, आणि पुष्कळदां आमच्या माजघरांत वही घेऊन बसत. ते गेले, पुढें वाड्याच्या वाटण्या झाल्या. तांब्यापितळेचीं भांडीं तोलून वांटलीं गेलीं, देव वांटले गेले, आंब्याचें झाडदेखील कोणाच्या हिश्शास हें कागदावर आलें. चित्रांचा विषयच निघाला नाहीं. कोणाच्या मनांत वाईट होतें असें नव्हे. त्यांची गणना मालमत्तेंत आहे हें कोणास सुचलेंच नाहीं, आम्हांसहि नाहीं. गठ्ठा माळ्यावर गेला. एका पावसाळ्यांत कौलें गळलीं, आणि जेव्हां गठ्ठा खालीं काढला तेव्हां कागदाचा लगदा हातीं आला.

त्यांतून एकच चित्र वांचलें: सूप घेऊन धान्य पाखडणाऱ्या एका वृद्ध बाईचें पेन्सिलीचें रेखाटन. त्यावर नांव नव्हतें, साल नव्हतें. सासवण्याहून परत आल्यावर आम्हीं तें बाहेर काढलें आणि घरांतील सर्वांस दाखविलें. मुलांनीं विचारलें, "ही कोण?" आम्हांसच सांगतां येईना. आमच्याच घरीं मेहकरची गोष्ट पुन्हा घडत होती.

घरोघरीं असे गठ्ठे असतील. कोणा आजोबांचीं चित्रें, कोणा काकूंनीं कशिदा काढलेले रुमाल, कोणीं घडविलेली शाडूची मूर्ति. सर्वांना संग्रहालय बांधतां येत नाहीं. परंतु चित्राच्या पाठीमागें मऊ पेन्सिलीनें काढणाऱ्याचें नांव, साल व प्रसंग लिहून ठेवण्यास खर्च येत नाहीं. ओल्या भिंतीपासून व माळ्यापासून चित्र दूर ठेवावें. वाटण्यांची वेळ आलीच तर भांड्यांप्रमाणें चित्रांचीहि यादी करावी. मात्र तीं एकेक वांटूं नयेत, सर्व एकाच्या हवालीं करावीं, आणि इतरांनीं वर्षांतून एकदां, गणपतींत किंवा दिवाळींत, तीं पाहण्यास त्याच्या घरीं जमावें. ज्यांना त्या माणसांच्या आठवणी आहेत त्यांनीं त्या दिवशीं मुलांना सांगाव्या.

आमच्या थोरल्या आत्याबाईंचें वय आतां नव्वदीच्या घरांत आहे. त्यांच्याकडे तें चित्र घेऊन गेलों. चष्मा पुसून त्यांनीं तें खिडकीपाशीं धरलें, आणि बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "अरे, ही तर माझी आजी. सूप असें डाव्या हाताला कलतें धरायची संवय तिलाच होती. दादा तेव्हां मॅट्रिकला होता." त्या सांगत गेल्या, आणि आम्हीं चित्र उलटें करून त्यामागें तें सर्व लिहून घेतलें. शेवटीं चुलत्यांचें नांव लिहिलें.