नात्याची दलाली

२०२५ च्या जुलैत ब्रिटिश सरकारने आपल्या संकेतस्थळावरून एक यादी उतरवली. इंग्लंड-वेल्समध्ये मृत्युपत्र न करता वारलेल्या आणि मागे कोणी वारस न सापडलेल्या माणसांची ती यादी होती. खोटी मृत्युपत्रे पुढे करून अशांची घरेदारे लाटली जात असल्याचा संशय बीबीसीच्या तपासातून पुढे आला आणि सरकारला ती मागे घ्यावी लागली. भामट्यांच्या सोयीची ही यादी एका कायदेशीर धंद्याचीही मीठभाकर होती. वारसशोधक कंपन्या अशाच नावांवरून दूरचे नातलग हुडकतात, त्यांना वारसा मिळवून देतात आणि त्यातला ठरलेला टक्का स्वतः ठेवतात. या धंद्याचा गेल्या शतकभराचा प्रवास पाहिला तर शोधाचे कष्ट पिढीगणिक घटत गेलेले दिसतात. मोबदल्याची रीत मात्र जुनीच राहिली. म्हणून वारस आज जे पैसे मोजतो त्यातले बरेचसे आपल्यापासून लपवून ठेवलेल्या एका नावापोटी मोजतो, असे माझे मत आहे.

बेवारस मालमत्ता राजाची, हा इंग्लंडचा जुना दंडक. राजाच्या वतीने ती ताब्यात घेण्याचे काम ट्रेझरी सॉलिसिटर या सरकारी कायदा अधिकाऱ्याच्या कचेरीकडे आले. लँकेस्टर आणि कॉर्नवॉल या राजघराण्याच्या दोन जहागिरींच्या, म्हणजे डचींच्या, हद्दीतली मालमत्ता त्या त्या डचीकडे जाते. १९२५ च्या वारसाकायद्याने नात्यांची उतरंड पक्की केली: जोडीदार, मुले, आईवडील, भावंडे, आजीआजोबा, मग काका-आत्या-मामा-मावश्या आणि त्यांचे वंशज. पुढे साखळी तुटते. त्याआधी जंगम मालमत्तेवर कितीही लांबचा रक्ताचा नातलग हक्क सांगू शकत असे. आता पणजोबा एकच असलेल्या भावाला छदामही मिळत नाही. फ्रान्सनेही १९१७ च्या अखेरीस नात्याची मर्यादा बाराव्या पायरीवरून सहाव्या पायरीवर आणली. दोन्हीकडे सरकारचा वाटा वाढला आणि वारसशोधकाचे रान आखले गेले. कुठे थांबायचे हे त्याला आता कायद्यानेच सांगितले होते.

या धंद्याचे पूर्वज मात्र फारसे सोज्वळ नाहीत. इंग्लंडातला विल्यम जेनेन्स हा अफाट श्रीमंत म्हातारा १७९८ साली वारला, तेव्हा त्याचे मृत्युपत्र सही न केलेले सापडले. त्या संपत्तीवरचे दावे शंभराहून अधिक वर्षे रेंगाळले. अमेरिकेत तर ‘जेनेन्सचे वारस’ म्हणवणाऱ्यांचे संघ निघाले आणि वर्गण्या गोळा होत राहिल्या. आयोवाच्या ऑस्कर हार्टझेलने त्याच्याही पुढे मजल मारली. सोळाव्या शतकातला दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक याची संपत्ती सोडवून आणतो, असे सांगून त्याने हजारो अमेरिकनांकडून पैसे उकळले. १९३३ साली इंग्लंडने त्याला हाकलले आणि मायदेशी त्याला शिक्षा झाली. आधी पैसे आणि मग वारसा, ही या सगळ्यांची पद्धत. व्यावसायिक वारसशोधकांनी हा क्रम उलटवला. वारसा हातात पडला तरच टक्का, नाहीतर खर्च आमचा. टक्केवारीच्या बाजूने जे काही प्रामाणिकपणे म्हणता येते ते इथून सुरू होते आणि ते कमी नाही.

तो खर्च एके काळी खराच मोठा होता. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली, पण नोंदीपर्यंत पोचायचे तर तिमाहीवार सूचीचे खंड उपसावे लागत. जन्माचे लाल, विवाहाचे हिरवे, मृत्यूचे काळे, आणि एकेक खंड दोन्ही हातांनी उचलावा असा जड. सूचीत नाव सापडले तरी ती व्यक्ती हवी तीच, हे दाखला विकत घेतल्याशिवाय कळत नसे. जन्मसूचीत आईचे माहेरचे आडनाव छापायला १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून सुरुवात झाली. त्यानंतर जन्मलेली भावंडे त्या जोडीवरून एकत्र बांधता येतात. त्याआधीच्यांसाठी जनगणनेचा आधार. ती कागदपत्रे शंभर वर्षे बंद. १९३१ ची जनगणना १९४२ च्या आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. या खिंडाराला बांध घालणारी एकच नोंद उरली: युद्ध पेटल्यावर २९ सप्टेंबर १९३९ रोजी घरोघर जाऊन केलेली. शिवाय लग्नानंतर आडनाव बदललेल्या बहिणी, परदेशी गेलेले भाऊ, आणि मृताचे आडनाव स्मिथ असले तर विचारायलाच नको. अशा प्रकरणात महिनोन्महिने राबणाऱ्याने तिसरा हिस्सा मागितला तर त्याला लुटारू म्हणता येणार नाही.

मग दप्तरे उघडू लागली. १९९८ पासून फ्रीबीएमडी या प्रकल्पाच्या स्वयंसेवकांनी या सूच्या उतरवून फुकट शोधता येतील अशा केल्या. १९०१ ची जनगणना २००२ साली इंटरनेटवर आली, तेव्हा लोकांच्या गर्दीने संकेतस्थळ बंद पडले. १९११ ची २००९ साली, १९३९ ची नोंद २०१५ साली, १९२१ ची जनगणना २०२२ साली आली. ज्या लंडनच्या वाचनालयात हे खंड उपसले जात ते २००८ साली बंदच झाले. जे काम आठवड्यांचे होते ते विरळ आडनावाच्या बाबतीत तासांवर आले. बीबीसीवर २००७ साली सुरू झालेल्या ‘एअर हंटर्स’ मालिकेत हा बदल उघड दिसतो. गुरुवारी सरकारी यादी बाहेर पडते, कंपन्या एकाच नावावर तुटून पडतात आणि त्यांचा माणूस गाडी दामटत वारसाच्या दारी पोचतो. ही घाई कशाची? वारसाला बातमी दुसऱ्याने सांगण्याआधी त्याची सही मिळवण्याची. मृताचे नाव कळले की वारस थेट सरकारकडे अर्ज करू शकतो, म्हणून सही होईपर्यंत नाव सांगायचे नाही. दलाली साधारण दहा टक्क्यांपासून तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत, आणि ब्रिटनमध्ये या धंद्याला ना परवाना लागतो ना दराची मर्यादा आहे.

यावर कंपन्यांचे उत्तर असे की दहा प्रकरणे धरावीत तेव्हा त्यातली काही फळतात; सोप्या प्रकरणाची दलाली अवघड प्रकरणांचा बुडीत खर्च भरून काढते. हिशेब म्हणून हे पटते. पण मग एका घराण्याच्या वारसाने दुसऱ्या घराण्याच्या शोधाचे पैसे का द्यायचे, आणि तेही न सांगता? शिवाय कंपनीला प्रकरण फायद्याचे निघाले नाही तर ती ते सोडून देते, त्यामुळे लहान वारसे बेवारसच राहतात. म्हणजे ज्यांच्यासाठी शोधाची खरी गरज आहे त्यांच्यापर्यंत ही व्यवस्था पोचत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नफा नसेल तर शोधणार कोण? सरकार? पण वारस सापडला नाही तर फायदा सरकारचाच. लँकेस्टर डचीकडे आलेला असा पैसा राजाच्या भाड्याने दिलेल्या मिळकतींच्या डागडुजीवर खर्च होतो, हे ‘गार्डियन’ने २०२३ मध्ये उघड केले, तेव्हा हा आक्षेप पुस्तकी राहिला नाही. लाभार्थ्यालाच शोधाचे काम देऊ नये, हे मान्य. पण म्हणून शोध गुपिताच्या लिलावावर सोडावा, असे ठरत नाही. फ्रान्सने २३ जून २००६ च्या कायद्याने वेगळी वाट काढली. तिथे कोणी स्वतःहून वारस हुडकायला निघू शकत नाही. बहुधा वारसाप्रकरण हाताळणारा नोटरी वंशावळकाराला लेखी काम सोपवतो. टक्केवारी तिथेही आहे आणि त्यावरून भांडणेही होतात, पण दलाली भरमसाट वाटल्यास न्यायालय ती कमी करते. एका मृताच्या मागे पाच कंपन्या धावत नाहीत. आणि सरकारी यादी बंद पडली तरी शोध थांबत नाही, कारण तिथला शोध यादीवर चालतच नाही. ब्रिटनने याच दिशेने जावे: काम सोपवून द्यावे, मोबदला शोधाच्या तासांशी बांधावा आणि नाव सांगण्यावर कुलूप नसावे.

आपल्याकडे या धंद्याला फारसे बाळसे धरता आले नाही. १९५६ च्या हिंदू वारसाकायद्यात पुरुषाचे जवळचे वारस संपले की सगोत्र आणि मग इतर रक्ताचे नातलग येतात, आणि त्यांना पिढ्यांची मर्यादा नाही. मालमत्ता सरकारजमा होण्याआधी कोणीतरी भाऊबंद उभा राहतोच. पण त्याच टक्केवारीचा एक धाकटा भाऊ मुंबई-पुण्यात चांगला रुजला आहे. सात वर्षे लाभांश न उचललेले शेअर केंद्राच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत (आयईपीएफ) जातात, आणि आजोबांच्या नावचे असे शेअर सोडवून देतो म्हणणारे सल्लागार आधी सही मागतात. अशी सही देण्याआधी आयईपीएफच्या संकेतस्थळावर आजोबांचे नाव आणि रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘उद्गम’वर त्यांच्या जुन्या ठेवी स्वतः शोधून पाहा; दोन्हीकडे शोधायला पैसे पडत नाहीत. आणि लंडन-लेस्टरच्या बाजूला राहणाऱ्या कोणा मराठी माणसाला वारसशोधकाचे पत्र आलेच, तर घरी येऊन किंवा टपालाने केलेला असा करार १४ दिवसांच्या आत सहसा रद्द करता येतो, हे त्याने लक्षात ठेवावे.