छातीचे मांस धुरावर : मुरवावे, खारवावे की टोचावे?

बोटीवर किंवा परदेशात नोकरी करून परतलेल्या मंडळींमुळे ‘ब्रिस्केट’ हे नाव आता आपल्या घरांतही ऐकू येऊ लागले आहे. ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचे, पुढच्या दोन पायांमधले मांस. सणाच्या आधी गृहिणी विचारतात, धुरी देण्यापूर्वी हे मांस मसाल्यात मुरवावे, मिठाच्या पाण्यात ठेवावे, की सुईने आत रस भरावा?

आधी हे मांस चिवट का, ते पाहू. माणसाच्या गळ्याखाली जसे आडवे हाड असते तसे गुरांना नसते. पुढच्या भागाचा सारा भार छातीचे स्नायू पेलतात. त्यामुळे त्यांत चिवट तंतू फार. हे तंतू मसाल्याने विरघळत नाहीत. मांस आतून 70 अंश सेल्सियसच्या वर बराच वेळ राहिले म्हणजे ते हळूहळू विरघळून लुसलुशीत होतात. तेव्हा मऊपणा मंद आचेचा आणि वेळेचा. आदल्या रात्रीच्या मसाल्याचा त्यात फारसा हात नाही.

व्हिनेगर, लिंबू, लसूण, मिरी ही काही मिलिमीटरच्या पुढे जात नाहीत. आंबट पदार्थात मांस फार वेळ ठेवल्यास वरचा थर भुसभुशीत होतो, आत मात्र काही पोचत नाही. पातळ कापांना मुरवणे ठीक; तीन-चार किलोच्या तुकड्याला तो मसाला वाया.

मिठाचे तसे नाही. वरून चोळलेले मीठ प्रथम मांसातले पाणी ओढते, त्या पाण्यात विरघळते आणि मग आत शिरू लागते. एक किलो मांसाला 15 ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचे चहाचे अडीच चमचे सपाट, पुरे. मिठागरातले जाडे मीठ असेल तर चमच्याने न मोजता वजन करावे. मीठ चोळून मांस रात्रभर फ्रीजमध्ये उघडे ठेवावे, म्हणजे वरचा भाग कोरडा होऊन धूर चांगला धरतो. अमेरिकेत टेक्सस प्रांतातील जर्मन व चेक खाटकांनी ही धुरीची पद्धत रुजवली. लॉकहार्ट गावचे क्रॉइट्स मार्केट 1900 सालापासून चालू आहे. तिकडची जुनी रीत मीठ आणि काळी मिरी, एवढीच.

मिठाच्या पाण्यात दिवसचे दिवस ठेवणे हा निराळाच पदार्थ. आपली खारवलेली जीभ आणि न्यू यॉर्कच्या ज्यू लोकांची पास्त्रामी ही त्याची उदाहरणे. चव चांगली, पण ते खारे मांस झाले, ब्रिस्केट नव्हे. येथे सोऱ्याबद्दल सावध करणे भाग आहे. मांस गुलाबी राहावे म्हणून काही घरांत सोरा चिमटीने, अंदाजाने घालतात. सोऱ्याचे मांसात नायट्राइट बनते. ते प्रमाणाबाहेर गेल्यास रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते, ओठ निळे पडतात, प्रसंगी जीव जातो. तान्ह्या मुलांना धोका अधिक. खताच्या दुकानात 13:0:45 म्हणून मिळतो तोही सोराच, पण तो पिकासाठी. स्वयंपाकघरात आणूच नये. धुराच्या मांसाला सोऱ्याची गरज नाही. धुरातल्या वायूंनीच कडेला गुलाबी पट्टा उमटतो.

राहिले टोचणे. अमेरिकेतल्या स्पर्धांत भाग घेणारे पुष्कळ जण सुईने मांसात रस्सा भरतात. आपल्याकडचे म्हशीचे मांस चरबीला कमी, म्हणून हा मोह होतो. पण अखंड तुकड्याचे जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात, आणि सुई त्यांना थेट मध्यभागी नेते. तो मध्यभाग धुरीत सर्वांत शेवटी तापतो. निर्जंतुक सुई, थंडगार रस्सा आणि तापमापक हे तिन्ही नसतील तर या भानगडीत पडू नये. चरबी कमी असल्यास दुसरा उपाय आहे : वरून रंग चढला की मांस कागदात किंवा केळीच्या पानात घट्ट गुंडाळून पुन्हा आचेवर ठेवावे.

आच 110 ते 130 अंश असावी. मांस 65 ते 75 अंशांच्या दरम्यान तासन्‌तास अडकून बसते, कारण घाम सुटावा तसे पाणी उडून ते थंड होत राहते. अशा वेळी घाईने आच वाढवू नये. आत 90 ते 95 अंश झाले आणि सळई लोण्यात जावी तशी गेली, की उतरवावे. लाकूड पेरूचे चालेल. रंग दिलेले किंवा प्लायवूडचे मुळीच नको. धुरी अंगणातच द्यावी, बंद खोलीत कोळशाचा वायू जीवघेणा.

रक्तदाब असणाऱ्यांनी हिशेब ठेवावा. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यातले 200 ग्रॅम मांस खाल्ले तर सुमारे तीन ग्रॅम त्यातच गेले. धुराचे मांस रोजचे खाणे नव्हेच.

उतरवल्यावर तासभर झाकून ठेवावे, मग तंतूंच्या आडवे कापावे. उरलेले दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावे.