तिसऱ्या भरतात केव्हा?

ओहोटी लागली, की खाडीतली वाळू उघडी पडते. बायका पाट्या घेऊन उतरतात. तिसऱ्या वेचून घरी आणतात. एखाद्या वेळी पाटीभर तिसऱ्या उकडल्या, की पातेले भरून मांस निघते. कधी तेवढ्याच तिसऱ्यांतून जेमतेम वाटीभर निघते. "अगो बाई, पोकळच आहेत ह्या!" असे आपण म्हणतो. शिंपले तर तेवढेच मोठे. मग आतले मांस गेले कुठे?

तिसऱ्यांचा जीव वाळूत पुरलेला असतो. त्याला दोन नळ्या असतात. एका नळीने तो पाणी आत घेतो. पाण्यातले बारीक कण गाळून खातो. उरलेले पाणी दुसऱ्या नळीने बाहेर सोडतो. त्या कणांवरच त्याचे अंग वाढते.

शिंपला म्हणजे त्याचे घर. हे घर तो स्वतः बांधतो. कडेला चुन्याचा थर चढवत जातो. लहानपणी वाढ झपाट्याने होते, पुढे सावकाश. एकदा वाढलेला शिंपला लहान होत नाही. मांस मात्र वाढते आणि घटते.

मांस घटते ते कशाने? पावसाळ्यात नदीला पूर येतो. खाडीचे पाणी गोडे होते. गोडे पाणी ह्या जिवाला सोसत नाही. तो शिंपला मिटून बसतो. खाणे बंद पडते. अंग उतरते. पूर फार दिवस राहिला, तर जीव मरतातही.

दुसरे कारण अंड्यांचे. अंडी धरली, की अंग भरते. अंडी पाण्यात सोडली, की अंग रिते होते. म्हणजे तिसऱ्या अगदी भरलेल्या असतात, तेव्हा पुष्कळदा त्यांच्या पोटात पुढचे पीक असते. बाजारात मागणीही भरलेल्यांनाच! पण शेतकरी बियाणे भाकरीला दळतो का?

केरळात अष्टमुडी नावाचे खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. तेथेही तिसऱ्या मिळतात. परदेशी मागणी वाढली. १९९१ साली वर्षाला १०,००० टन माल निघाला. १९९३ साली तो निम्म्यावर आला. मग नियम झाले. डिसेंबर ते फेब्रुवारी हे अंड्यांचे दिवस. तेव्हा तिसऱ्या काढायच्या नाहीत. बारीक डोळ्यांचे जाळे वापरायचे नाही. एक किलो मांसात १४०० पेक्षा जास्त नग बसतील, इतका लहान माल परदेशी पाठवायचा नाही. उत्पन्न पुन्हा वाढले. पुढे मात्र ते परत घसरले. २०२४ साली तेथे ३० लाख पिल्ले सोडावी लागली. म्हणजे नियम केला, की काम संपले असे नाही. लक्ष सतत ठेवावे लागते.

आपल्या खाडीवर आपणही लक्ष ठेवू शकतो. महिन्यातून एकदा एक किलो तिसऱ्या उकडा. मांस काढून वजन करा. आता तुम्हांला लिहिता येते. तारीख आणि वजन वहीत लिहा. वर्षभराने वही उघडा. तिसऱ्या केव्हा भरतात, केव्हा उतरतात, हे तुमच्याच अक्षरात दिसेल. मग शेजारणींना जमवा. काढायचे कधी आणि थांबायचे कधी, ते मिळून ठरवा. लहान तिसऱ्या तर आजच वाळूत परत टाका. त्या वाढतील, त्यांना पिल्ले होतील आणि पुढच्या वर्षी पाटी रिकामी राहणार नाही.