बँक, बैंक आणि इस्टेशन

गोंदियाहून बालाघाटला येताना राज्याची हद्द ओलांडली की पाट्या बदलतात. अलीकडे ‘बँक’, पलीकडे ‘बैंक’. मी बालाघाटात इंग्रजी शिकवते आणि घरी मराठी बोलते, त्यामुळे या दोन्ही रूपांशी माझी रोजची गाठ आहे.

1956 पर्यंत नागपूर आणि बालाघाट एकाच राज्यात होते. पण पाटीवरच्या या फरकाचं मूळ हद्दीत नाही, स्वरांत आहे. मराठीत ‘पैसा’ आपण ‘पइसा’ असा उच्चारतो. प्रमाण हिंदीतला ‘ऐ’ मात्र एकसंध आणि पसरट, जवळजवळ ‘ॲ’सारखा. म्हणून हिंदीचं ‘बैंक’ लिहून भागलं. मराठीला अक्षरावर चंद्र काढावा लागला. बालाघाटजवळच्या भरवेलीच्या खाणीतलं खनिज आम्ही ‘मँगनीज’ लिहितो, शेजारी ‘मैंगनीज’ लिहितात, आणि बोलताना दोघं जवळपास सारखंच बोलतो. गोंदियाचा पाहुणा इथली पाटी ‘बइंक’ अशी वाचतो, तेव्हा तो आपल्या भाषेचा नियम चोख पाळत असतो. ‘झेब्रा’चंही तसंच. मराठी ‘झाड’मधला झ इंग्रजी ‘झेड’च्या जवळ आहे, हिंदीतला नाही, म्हणून हिंदीत तो ‘जेब्रा’.

सगळ्यात जास्त हसं होतं ते ‘इस्कूल’ आणि ‘इस्टेशन’चं. मला ते मुळीच पटत नाही. शब्दाच्या सुरुवातीला ‘स्’ला लागून दुसरं व्यंजन आलं की अनेक भाषा आधी एक स्वर घेतात. पालीत ‘स्त्री’ची ‘इत्थी’ झाली, लॅटिन ‘स्कोला’ची स्पॅनिशमध्ये ‘एस्कुएला’ झाली. मराठी खेड्यांतल्या ‘ठेसन’ने तोच ‘स्’ गाळून वाट काढली. पालीतलं रूप आपण आदराने शिकतो, मग इथल्या मुलाचं का खोडतो?

खुद्द इंग्लंडात तरी एकच उच्चार कुठे आहे? ‘बाथ’मधला स्वर लंडनकडे लांब, यॉर्कशरमध्ये आखूड. डॅनियल जोन्स यांनी 1917 साली उच्चारकोश काढला, तोही दक्षिण इंग्लंडातल्या, महागड्या निवासी शाळांत मुलं घालणाऱ्या घरांच्या बोलीवर बेतलेला होता.

वर्गात मी अर्थ बदलतो तिथेच अडवते: ‘बॅट’ आणि ‘बेट’, ‘कॉट’ आणि ‘कोट’. हे फरक कानाला घोटूनच शिकवावे लागतात, आणि मी ते घोटून घेते. पण ‘इस्टेशन’ म्हणणाऱ्या मुलाला गाडी कुठे मिळेल ते बरोबर ठाऊक असतं. शिक्षकांनो, त्याला वर्गासमोर उभं करून हसू नका. एकदा हसं झालेलं मूल पुढे इंग्रजीत तोंडच उघडत नाही.